तीनशे गाठी

देवमनच्या नावाची वस्तू जगात कुठेच नव्हती. अडतीस वर्षं त्याने परतवाड्याच्या बाजार समितीत हमाली केली. तूर उचलली, सोयाबीन उचललं, हरभरा, गहू, जे ट्रकमधून आलं ते उचललं. पोत्यावर नाव असायचं अडत्याचं, नाहीतर व्यापाऱ्याचं. त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नव्हतं, कारण तसा विचार करायला सवडच झाली नव्हती.

दसरा होऊन चार दिवस झाले होते. त्याच्या सुनेने, वर्षालीने, त्याच्या तळहातावर एक कार्ड ठेवलं. जाड कागदाचं, दोन बोटं रुंद, एका कोपऱ्याला दोरा ओवायला भोक. वर निरगुडीचं पान छापलेलं आणि खाली अक्षरं: 'देवमन यांचा अंघोळीचा चहा, परतवाडा.' त्याखाली वर्षालीचा मोबाइल नंबर.

देवमनने ते तीनदा वाचलं. सातवीपर्यंत शिकलेला माणूस, वाचायला अडचण नव्हती.

"चहा?" त्याची बायको शकुन चुलीपुढून म्हणाली. "अंघोळीचा चहा? मंग बकेटीत साखर किती टाकाची?"

"शहरात असंच म्हनते आई," वर्षाली म्हणाली. "चहाच्या पुडीसारखी गरम पान्यात सोडाची. लोकायले लगेच समजते."

"एखांदा पेऊन घेईन न माय."

"तं त्याची पाठ आतून मोकळी होईन," देवमन म्हणाला, आणि कार्ड सदऱ्याच्या खिशात घालून चपला न घालताच बाहेर पडला. बाजार समितीत जाऊन त्याने ते उत्तमरावला दाखवलं, चहाच्या टपरीवाल्याला दाखवलं, काट्यावरच्या माणसाला दाखवलं. परत येताना तापलेल्या डांबरावर पाय भाजले तेव्हा त्याला चपलांची आठवण झाली.

गोष्ट पाठीपासून सुरू झाली होती. हमालाची पाठ संध्याकाळी त्याची राहत नाही. खांद्यापासून कमरेपर्यंत एक फळी बसवल्यासारखी होते. शकुन रोज सापन नदीच्या काठावरून निरगुडीचा पाला ओरबाडून आणायची, चुलीवरच्या गंजात, पाण्याच्या मोठ्या पातेल्यात टाकायची, मूठभर जाडं मीठ टाकायची आणि उकळी आणायची. ते पाणी अंगावर घेतलं की देवमन जेवायला मांडी घालून बसू शकायचा. नाहीतर उभ्यानेच जेवायचा. बरोबरीच्या हमालांना हे ठाऊक होतं. पण त्यांच्या बायकाही दिवसभर निंदणाला, वेचणीला जात. नदीवर जाऊन पाला आणणार कोण?

साठी झाली आणि देवमनने हमालीचा बिल्ला परत केला. पहिला महिना झोपण्यात गेला. दुसऱ्या महिन्यात हात खाजवायला लागले. मग त्याने पाला वाळवून पाहिला. उन्हात वाळवला तर काळा पडला, वास उडाला. सावलीत वाळवला तर हिरवा राहिला. जुन्या धोतराच्या फडक्यात मूठभर बांधून त्याने पहिली पुडी उत्तमरावला दिली. उत्तमराव त्याच्याबरोबर तीस वर्षं एकाच थप्पीवर काम केलेला माणूस. त्याने दुसऱ्या दिवशी काहीच सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "अजून एक दे. पह्यलीनं काही झालं का नाई ते समजलं नाई, झोपूनच गेलो."

अशी तीन वर्षं गेली. दर बाजारी वीस-पंचवीस पुड्या, सगळ्या हमालांच्या घरी. मग देवमनच्या मुलाचं, गोपालचं लग्न झालं. गोपाल धारणीच्या रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवतो आणि चार दिवसांआड घरी येतो. पण वर्षाली घरातच असे आणि तिच्याकडे नाक होतं. "मामाजी, ह्याच्या वासानं मानूस पयून जाईन," ती म्हणाली. तिने त्यात संत्र्याची साल टाकली, गवती चहा टाकला. देवमन आधी हसला, मग त्याने त्याच पाण्याने अंघोळ केली. अंगाला दिवसभर संत्र्याच्या बागेतून आल्यासारखा वास होता. त्याने चूक कबूल केली. वर्षालीने पुडीचा फोटो मोबाइलवर टाकला आणि तो अकोल्याच्या रागिणीताईंनी पाहिला.

रागिणीताईंचं अकोल्यात छोटं दुकान होतं. दिवाळीला त्या भेटीचे डबे भरून विकत. पणत्या, उटणं, साबण, तेल. पहिल्या अंघोळीच्या डब्यात त्यांना ही पुडी हवी होती. तीनशे पुड्या, वसुबारसेच्या दुपारपर्यंत अकोल्यात. त्यानंतर आल्या तर उपयोग नाही, कारण डबे त्याच संध्याकाळी बंद होणार.

हे ऐकलं त्या दिवसापासून देवमन पहाटे कोंबड्याआधी उठायला लागला. शकुन म्हणाली, "लग्नाच्या दिवशी एवढे तयार नोयते तुमी."

काम सोपं नव्हतं. एका पुडीला वाळलेला पाला एक वाटी, आणि एक वाटी वाळलेल्या पाल्याला ओला पाला चार ओंजळी. तीनशेला बाराशे ओंजळी. पाला खुडायचा तो कोवळ्या शेंड्यांचा, काडी नाही घ्यायची. काडीला वजन असतं, गुण नसतो. घरी आणून धुवायचा, निथळायचा, टिनाच्या शेडखाली बाजेवर पसरायचा. दिवसातून दोनदा उलटायचा, पाच दिवस. चिमटीत धरून दाबला की मोडला पाहिजे. वाकला तर परत बाजेवर. संत्र्याची साल रसवाल्याकडून यायची. तिचा आतला पांढरा भाग चमच्याने खरवडायचा, कारण तोच ओल धरतो आणि बुरशी आणतो. तीन घाण्यांतच देवमनच्या अंगठ्याचं नख पिवळं झालं.

शकुन या दिवसांत कापूस वेचायला जात होती. त्यामुळे दिवसभर देवमन आणि वर्षाली दोघंच. पाल्याच्या बाबतीत देवमनचा नियम होता: प्रत्येक घाण्यातली पहिली मूठ आधी त्याच्या पाठीवर. त्याची एक जुनी पुडी होती, धोतराच्या फडक्याची, तीत पाला बदलून तो अंघोळ करायचा. पाणी बरोबर निघालं तरच तो घाणा पुढे जायचा. एक घाणा त्याने असाच बाद केला. त्यात साल ओली होती.

जुनी धोतरं तीनशे पुड्यांना पुरणार नव्हती. वर्षाली म्हणाली, पांढरं मांजरपाट घेऊ, फोटोत स्वच्छ दिसते. कापड आणायला देवमन स्वतः गेला. दुकानदाराने तीन थानं पुढे टाकली. देवमनने तिन्हींवरून हात फिरवला. अडतीस वर्षं त्याने बारदान्यावरून असाच हात फिरवला होता. नवा बारदाना कडक असतो, बोटाखाली करकरतो, पोतं फाटत नाही. जुना, मऊ बारदाना कमरेवर असतानाच फुटतो आणि तूर रस्त्यावर सांडते. त्याने सगळ्यात कडक थान उचललं.

"माल पारखता येते तुमाले," दुकानदार म्हणाला. देवमन त्यावर दोन दिवस खूश होता.

राहिली गाठ. वर्षाली म्हणाली, रबर लावू, पटापट होईन. देवमनने मान हलवली. तो पुडीच्या मानेभोवती दोऱ्याचे दोन वेढे घ्यायचा, तिसरा आडवा घालून फास ठेवायचा आणि एक शेंडी बाहेर सोडायचा. कितीही हलवली तरी न सुटणारी आणि शेंडी ओढली की एका झटक्यात सुटणारी गाठ. बाजार समितीत पोत्याचं तोंड असंच बांधत. ट्रक भरताना सुटायला नको आणि काट्यावर सुटायला वेळ नको.

"पुडी एकदा वापरून फेकाची नाई," तो म्हणाला. "ओला पाला काढाचा, फडकं धुवाचं, वाळवाचं, दुसरा पाला भराचा. गाठ सुटली नाई तं मानूस दातानं तोडते."

"मामाजी, शहरातले लोकं फेकूनच देतीन."

"देऊ दे. आपुन सुटनारी बांधाची."

मंगळवारी दिवेलागणीला तीनशेवी पुडी बांधून झाली. देवमनने त्या शेडमध्ये रचल्या, खाली आडव्या, वर उभ्या, परत आडव्या, जशी पोत्यांची थप्पी रचतात तशी. प्रत्येकीच्या मानेला कार्ड, प्रत्येक कार्डावर त्याचं नाव. उत्तमराव पाहायला आला.

"अडतीस वर्स मानसाचे पोते रचले," तो म्हणाला, "आता उंदराचे रचून राह्यला का बे?"

"हात लावू नको. कडा बिघडन."

"मापात आहे ना सगळ्या?"

"वाटीनं भरल्या. अडत्याच्या काट्यासारख्या नाई."

उत्तमराव थप्पीभोवती एक फेरी मारून गेला. त्या रात्री देवमन हसतच झोपला.

बुधवारी सकाळी अंघोळीला बसताना त्याची जुनी धोतराची पुडी सापडली नाही. सापडली तेव्हा शिवण उसवलेली होती.

"एवढी थप्पी पडली, त्यातली एक घ्या," शकुन म्हणाली. ती वेचणीला निघायच्या तयारीत होती. "पाला उरलेलाच आहे, तिच्या बदल्यात दुसरी बांधा." तिनेच वरची एक उचलून गंजात टाकली.

पाणी उकळत होतं. देवमन पाटावर बसून पाहत होता. एरवी पुडी पडली की पाणी आधी कडेने पिवळसर होतं, मग हळूहळू सोनेरी, चहासारखं. आज ते पांढुरकं झालं. कडेला बारीक फेस जमला. त्याने दोन लोटे अंगावर घेतले. वास बरोबर होता. पण पाणी निथळलं तसं अंग आवळून आलं, दंडावरचे केस एकमेकांना चिकटले, आणि बोटाने चोळल्यावर बोट अडखळलं. पतंगाचा कागद चिकटवायची लई हाताला लागल्यासारखं.

तो ओल्या अंगाने उठला. त्याने तीन लोटे गरम साधं पाणी घेतलं. पुडीची शेंडी ओढली. पाला एका लोट्यात, नुसतं फडकं दुसऱ्यात, आणि न वापरलेल्या पुडीतली चिमूटभर साल तिसऱ्यात. तो उकिडवा बसून राहिला. पाल्याचं पाणी स्वच्छ. सालीचं स्वच्छ. फडक्याचा लोटा भाताच्या पेजेसारखा.

शकुनने वाकून पाहिलं. "खळ आहे कापडाची," ती म्हणाली. "नवं लुगडं आमी पह्यले पान्यातून काढतो, मंग नेसतो. तुमी मले इचारलं काय?"

"तुले काहून इचारू? कापड मी घेतलं."

"म्हनूनच."

"मले वाटलं कडक कापड मजबूत."

"दुकानदार खळ लावूनच कडक करते. पोत्यावर हात फिरवून लुगडं घेता येते काय?"

वर्षाली उंबऱ्यावर येऊन उभी होती. तिने फडक्याचा लोटा पाहिला, मग थप्पी पाहिली आणि तिथेच खाली बसली. कापड कापलं तिने होतं. धुवायचं तिलाही सुचलं नव्हतं.

"रागिणीताईले काल फोटो पाठवले," ती म्हणाली. "परवा दुपारी पायजे." थोड्या वेळाने, हळू आवाजात, "मामाजी, एकच डाव अंघोळ करतीन लोकं. दिवाळीच्या गडबडीत कोन पाह्यते?"

देवमनने पंच्याने दंड पुसला. पंचा चिकटला.

"मातीभरली तूर आली तं अडत्याच्या आधी हमालाले समजते," तो म्हणाला. "पाठीले समजते. हे पानी तीनशे पाठीवर जाईन. कार्डावर नाव माह्यं आहे."

एक विडी ओढून होते तेवढा वेळ देवमन तसाच बसला. आणि मग, त्याचं त्यालाच नवल वाटलं, त्याच्या अंगात जोर चढायला लागला. हा जोर त्याच्या ओळखीचा होता. दारात ट्रक उभा आहे, चारशे पोती आहेत, आभाळ भरून आलं आहे आणि पाणी पडायच्या आत माल वर गेला पाहिजे, अशा वेळी तो यायचा. चार वर्षं आला नव्हता.

"शकुन, आज वेचनीले जाऊ नको," तो म्हणाला. "वर्षाली, दोन चादरी पसर. गाठी सोडू."

गाठींनी दगा दिला नाही. एक शेंडी, एक झटका, पुडी उघडी. पाला चादरीवर, कार्ड टोपल्यात, फडकं डाव्या हाताला. देवमन आणि वर्षाली समोरासमोर बसले. दोघांचे हात एका लयीत आले. रबराचं तिने नाव काढलं नाही. चाळीस मिनिटांत तीनशे पुड्या सुटल्या. तेवढ्यात शकुनने दोन चुली पेटवल्या होत्या.

उत्तमराव त्याची दर बुधवारची पुडी न्यायला आला तो दारातच थांबला. चादरीवर पाल्याचा ढीग आणि विहिरीजवळ फडक्यांचा.

"थप्पी कोसळली काय?"

"कापडात खळ निंगाली. पानी ओढ."

"मी गिऱ्हाइक आहे बे."

"गिऱ्हाइकानंच पानी ओढावं. रोज घेते ना पाठीवर?"

उत्तमरावने सदरा काढून निंबाच्या फांदीला टांगला. विहिरीतून त्याने त्या दिवशी पन्नासच्या वर बकेटी काढल्या आणि प्रत्येकीला एक शिवी दिली. शकुनने काम वाटून दिलं. पहिलं पाणी उकळतं, त्यात चिमूटभर सोडा, फडकी अर्धा तास बुडवून. मग दगडावर दोन्ही हातांनी चोळायची, आपटायची नाहीत. आपटली तर कड उसवते. मग गार पाणी. मग परत गरम. मग दोनदा गार. शेवटचं पाणी स्वच्छ निघालं.

"झालं," उत्तमराव म्हणाला.

"पाहू दे," देवमन म्हणाला.

त्याने एक फडकं पिळून, झटकून निंबाखाली उन्हात धरलं. सुकल्यावर त्यावर बोटाने पाण्याचा एक थेंब सोडला. थेंब लगेच आत गेला. न धुतलेल्या एका तुकड्यावर सोडला तर तो मण्यासारखा वर बसून राहिला. ही पारख त्याने त्या सकाळीच शोधली होती आणि तिच्यावर तो भलताच खूश होता.

"तीनशेवर थेंब टाकशीन काय आता?"

"व्हय."

"येडा आहे तू."

टाकले. प्रत्येकाचा एक कोपरा उन्हात धरून सुकवायचा आणि थेंब सोडायचा. एकवीस फडक्यांवर थेंब थांबला. ती परत उकळत्या पाण्यात गेली.

निंबापासून शेडच्या खांबापर्यंत सुतळीच्या सहा ओळी बांधल्या आणि त्यांवर फडकी टाकली. अंगण पांढरं झालं. गल्लीतली एक बाई थांबून विचारून गेली, "गोपालच्या पोरीचं बारसं आहे का?" शकुन म्हणाली, "अजून पोट्टी नाई, बारसं कुठून?" आणि वर्षाली दिवसभरात पहिल्यांदा हसली.

ऑक्टोबरचं ऊन कडक असतं, पण आखूड. सूर्य कलला तेव्हा निम्मी फडकी सुकली होती, निम्मी दमट होती. रात्री दव पडतं. देवमनने सगळी गोळा केली. सुकलेला पाला त्याने दोन नव्या पोत्यांत तोंड बांधून ठेवला, कारण पाला रात्रीची ओल हवेतूनच पितो. मग सगळे जेवले आणि झोपले. ओल्या कापडात पाला भरायचा नव्हता, म्हणून जागून उपयोग नव्हता.

गुरुवारी दहा वाजेपर्यंत फडकी कडकडीत सुकली. आणि पहिलीच पुडी बांधताना दुसरी गोष्ट कळली. कापड आटलं होतं. प्रत्येक बाजूने बोटभर. एक वाटी पाला भरला की मान उरत नव्हती आणि गाठ घसरत होती.

"पाला थोडा कमी करू," वर्षाली म्हणाली.

"कार्डावर नाव..." देवमनने सुरुवात केली.

"तुमचं आहे. माहीत आहे," ती म्हणाली. "मंग?"

देवमन पाल्याकडे पाहत राहिला. पोत्यात सोयाबीन मावत नाही तेव्हा हमाल ते कमी करत नाही. पोतं उचलून दोनदा आदळतो, दाणा बसतो, जागा होते. पाला आदळून बसत नाही. पण चुरला तर बसेल. त्याने एक वाटी पाला दोन्ही तळहातांत घेऊन चोळला. भुकटी होऊ द्यायची नाही, ती कापडातून गळते. नुसता भरड. पुडी भरली, मान निघाली, गाठ बसली.

मग चोळण्याचं काम लागलं. तीनशे वाट्या तळहातांवर. दुपारपर्यंत देवमनचे तळवे हिरवे झाले आणि घरभर असा वास सुटला की रस्त्यावरची माणसं मान वळवून पाहत होती. शकुन भरत होती, वर्षाली कार्ड ओवत होती, गाठ देवमनच मारत होता. चारच्या सुमारास उत्तमराव आला, बाजेवर बसला, आणि न सांगता चोळायला लागला. थोड्या वेळाने त्याने हात हुंगले.

"मले आज पुडीची गरज नाई," तो म्हणाला. "असाच पान्यात हात बुडवतो."

ऊन जायच्या आत शेवटची गाठ बसली. उरलेल्या कापडाच्या दोन जादा पुड्याही बांधल्या होत्या. देवमनने त्यातली एक गंजात टाकली आणि सगळ्यांसमोर अंघोळ केली. पाणी सोनेरी निघालं. दंडावरचे केस सुटे राहिले. त्याने दंड पुढे केला. शकुनने बोटाने चोळून पाहिला, मग वर्षालीने लाजत, मग उत्तमरावने.

"मानसाचं कातडं झालं," उत्तमराव म्हणाला. "इतके वर्स बारदाना होता."

शुक्रवारी सकाळी सहाच्या एसटीने देवमन आणि वर्षाली निघाले. दोन पोती होती. वर्षाली एक घ्यायला लागली तर देवमनने दोन्ही पाठीवर घेतली. चार वर्षांत त्याने पाठीवर पोतं घेतलं नव्हतं. वजन काहीच नव्हतं. दोन्ही मिळून हरभऱ्याच्या अर्ध्या पोत्याइतकीही नव्हती. तरी पाय आपोआप हमालाच्या चालीवर पडले, आखूड आणि झपाझप.

"काय आहे बाबा पोत्यात?" कंडक्टरने विचारलं.

"अंघोळ."

कंडक्टरने वर्षालीकडे पाहिलं. "चहा आहे," ती म्हणाली. त्याने दोन तिकिटं फाडली.

अंजनगाव गेलं, अकोट गेलं. देवमन खिडकीशी बसून दर थांब्याला खाली वाकून पोती चाचपत होता.

रागिणीताईंच्या दुकानात डब्यांच्या ओळी मांडलेल्या होत्या, प्रत्येकात एक खाना रिकामा. त्यांनी पहिली पुडी हातात घेतली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"फोटोत पांढरीशुभ्र होती," त्या म्हणाल्या. "कापड कडक होतं. ही चुरगळलेली दिसतेय."

वर्षालीचा चेहरा उतरला. देवमनने खाली मान घालून पिशवीतून एक घडी काढली. खळीचं न धुतलेलं एक फडकं त्याने मुद्दाम राखून ठेवलं होतं.

"ताई, दोन गिलास गरम पानी मिळन काय?"

शेजारच्या टपरीवरून आलं. एका ग्लासात त्याने कडक फडकं बुडवलं, दुसऱ्यात जादाची पुडी. तिघं वाकून पाहत राहिले. एक ग्लास पेजेसारखा झाला. दुसऱ्यात कडेने पिवळं उतरलं, मग खाली गेलं, मग सगळं पाणी सोनेरी झालं आणि दुकानात संत्र्याचा वास पसरला.

"फोटोतली पुडी ह्या गिलासातली आहे," देवमन पहिल्या ग्लासाकडे बोट करून म्हणाला. "बोट घालून पाहा."

रागिणीताईंनी बोट घातलं, चोळलं. दुसऱ्यात घातलं. मग त्यांनी हातातली चुरगळलेली पुडी पहिल्या डब्याच्या रिकाम्या खान्यात ठेवली. ती नेमकी बसली. कापड आटलं नसतं तर बसली नसती, हे तिघांनाही एकदमच दिसलं आणि रागिणीताई हसायला लागल्या.

"संक्रांतीला द्याल?"

"पाल्याले पाच दिवस लागते," देवमन म्हणाला. "फडक्याले एक पुरा. मंगच सांगा किती."

परतीच्या एसटीत तो अकोटपर्यंत बोलत होता. पुढे वर्षाली झोपली तरी बोलत होता.

पहिल्या अंघोळीच्या दिवशी पहाटे शकुनने त्याच्या पाठीला तेल चोळलं. न्हाणीत गंज वाफाळत होता. देवमन पाटावर बसला पण लोटा घेईना. त्याच्या डोक्यात अकोला होतं. तीनशे घरी आता बकेट भरली असेल. तीनशे जणांनी शेंडी ओढली असेल किंवा नसेल. कोणाचं पाणी कसं निघालं असेल?

"मामाजी," वर्षाली मोबाइल घेऊन न्हाणीच्या आडोशापर्यंत आली आणि हात तेवढा आत घातला. "तुमचं नाव घेऊन इचारून राह्यले."

देवमनने तेलकट हातानेच मोबाइल कानाला लावला.

"देवमन कोन?" म्हातारा आवाज होता, घोगरा.

"मीच."

"अकोल्यावरून बोलून राह्यलो, बुधाजी. सुनेनं दिवाळीचा डबा आनला, त्यात तुमची पुडी होती."

देवमन पाटावरून अर्धा उठला. "पानी कसं निंगालं?"

"पानी चांगलं निंगालं. अंग मोकळं झालं. पन मी त्याच्यासाठी फोन नाई केला." म्हातारा खोकला. "ओला पाला काढाले सून कैची शोधत होती. मी म्हनलं थांब. शेंडी ओढली, सुटली. ही गाठ मी अकोल्याच्या मार्केटात एकेचायीस वर्स मारली. तुमी कुठं होते?"

"परतवाड्याले," देवमन म्हणाला. "अडतीस."

"तूर?"

"तूर, सोयाबीन. जे आलं ते."

"मले वाटलंच," बुधाजी म्हणाला. "दोन वेढे, तिसरा आडवा. पोट्टे आता रबर लावते."

"लावते," देवमन म्हणाला.

फोन कोणीच ठेवला नाही. शकुनने पदराने हात पुसून गंजात बोट बुडवलं.

"घ्या आता अंगावर," ती म्हणाली. "पानी निवून राह्यलं."